नमाज नसलेल्या दिवसांतली दुआ

ठाण्यातील राबोडीच्या आमच्या घरात दुआ, म्हणजे अल्लाहकडे मागणे, ही वेगळी शिकण्याची गोष्ट मानली जात नसे. जेवणाआधीची, झोपण्यापूर्वीची, घराबाहेर पडतानाची अशा दुआ मदरशात लहानपणीच तोंडपाठ झाल्या होत्या. नमाज पूर्ण झाली की हात उठवून ‘रब्बना आतिना फिद्दुनिया हसनतंव’ (आमच्या रबा, म्हणजे पालनकर्त्या, आम्हाला या जगात भले दे) म्हणायचे, मग आईवडिलांसाठी, मुलांसाठी आणि घरातील बरकतीसाठी दोनचार वाक्ये मागायची आणि चेहऱ्यावरून हात फिरवून उठायचे, हा क्रम माझ्या आईचाही होता आणि माझाही. पुढे महाप्यातील एका वाहतूक कार्यालयात हिशेबाचे काम लागले आणि पहाटेची फजरची नमाज, मुलांचे डबे व ठाण्याच्या फलाट दहावरून सुटणारी पनवेल लोकल यांच्या मध्ये ही दुआ इतकी आक्रसली की हात उठवणे आणि खाली येणे यांत फारसे अंतर उरले नाही.

अब्बांच्या इंतकालानंतर मात्र मागण्यासारखे खरोखरच काही तरी समोर आले. श्रीवर्धन तालुक्यातील गावी त्यांचे घर आणि सुपारीची वाडी आहे. भावाने हक्कसोडपत्राचा मसुदा तयार करून पाठवला आणि मी त्यावर सही केली नाही. त्यानंतर आमचे बोलणे थांबले. वाटणीचा हा वाद इथे सविस्तर सांगण्याचे कारण नाही. तो कोकणातील कितीतरी घरांत असाच आहे. सांगायचे ते एवढेच की त्या दिवसांत मी दर नमाजनंतर तेच वाक्य घाईघाईने, जवळजवळ रागाने मागत होते आणि मागून उठताना मन आधीपेक्षा अधिक अस्वस्थ होत होते.

आमच्या गल्लीत शनिवारी दुपारी बायकांचा दर्स, म्हणजे धर्माचा पाठ, होतो. तो घेणाऱ्या आलिमा (धर्मशिक्षण घेतलेल्या) आपा स्वतः कोकणातल्या, त्यामुळे उर्दूतून सुरू झालेले त्यांचे बोलणे हळूहळू मराठीवर येते. मी त्यांना एकटीला गाठून विचारले की दुआत मन का लागत नाही. त्यांनी उत्तराऐवजी पैगंबरांचे सोबती फजाला बिन उबैद (रजि., म्हणजे अल्लाह त्यांच्यावर राजी होवो) यांची हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनाची नोंद, सांगितली. एक माणूस नमाजमध्ये दुआ करत होता. त्याने ना अल्लाहची स्तुती केली, ना पैगंबरांवर दरूद, म्हणजे त्यांच्यासाठीची सलामती, पाठवला. ते ऐकून पैगंबर (स., म्हणजे त्यांच्यावर अल्लाहची कृपा व शांती असो) म्हणाले की याने घाई केली, आणि मग त्यांनी क्रम शिकवला: आधी रबची स्तुती, मग दरूद, आणि त्यानंतर जे हवे ते मागा. ही हदीस मी पूर्वी अनेकदा ऐकली होती, पण आपांनी तिच्यावरून मला एक काम दिले. काही दिवस नमाजनंतर काहीच मागायचे नाही, फक्त स्तुती आणि दरूद यांवर थांबायचे आणि उठायचे.

हे काम वाटले त्यापेक्षा फार अवघड निघाले. पाठ असलेले शब्द मिनिटभरात संपत आणि त्यापुढे स्वतःचे म्हणून काय बोलावे ते सुचत नसे. ‘तू मोठा आहेस, तू दयाळू आहेस’ एवढे म्हणून झाले की मागणी आपोआप ओठांवर येई आणि ती मागे ढकलावी लागे. आपांनी सांगितले की स्तुतीलाही तपशील लागतो. कुरआनात सांगितले आहे की अल्लाहची सुंदर नावे आहेत, त्या नावांनी त्याला हाक मारा. तेव्हा एका बैठकीत एकच नाव घ्यायचे आणि त्या नावाचा आपल्या आयुष्यातला पुरावा शोधायचा. ‘रज्जाक’ म्हणजे रोजी देणारा, हे नाव घेतले तेव्हा अब्बांची गोदीतली नोकरी सुटल्यावरचे वर्ष आठवले, ज्यात आमच्या घरी चूल एकदाही थंड राहिली नव्हती. ‘सत्तार’ म्हणजे झाकणारा, हे नाव घेतले तेव्हा जे आठवले ते इथे लिहिण्यासारखे नाही, आणि नेमके म्हणूनच ते नाव माझ्यासाठी सर्वांत खरे झाले. अशा रीतीने स्तुती लांबत गेली आणि तिच्यानंतर येणारी मागणी आपोआप लहान होत गेली, कारण ज्याच्यापाशी आपण मागत आहोत त्याने आतापर्यंत काय काय दिले आहे, हे नुकतेच मोजून झालेले असे.

मागण्याची पुन्हा परवानगी मिळाली तेव्हा आपांनी वही करायला सांगितले. अरबी दुआ जशाच्या तशा शिकायच्या, नमाजच्या आत अरबीच ठेवायची, पण नमाजबाहेर आपल्याला जी भाषा विचार न करता बोलता येते तीत मागायचे. मी मराठीत लिहू लागले. लिहिताना लक्षात आले की ‘घरात बरकत दे’ या माझ्या वर्षानुवर्षांच्या वाक्यामागे नेमके काय आहे हे मलाही ठाऊक नव्हते. ते उलगडले तेव्हा त्यातून मुलीच्या अकरावीची फी, सासऱ्यांच्या गुडघ्याचे दुखणे आणि माझी स्वतःची चिडचिड असे तीन वेगळे विषय निघाले. तिरमिझीच्या हदीससंग्रहात एक रिवायत, म्हणजे सांगितली गेलेली हदीस, आहे की माणसाने आपली प्रत्येक गरज अल्लाहकडे मागावी, चपलेचा बंद तुटला तरी तोही. ती वाचल्यापासून लहान गोष्ट मागण्याचा संकोच गेला.

दुसरा एक संकोच मात्र आपल्या बोलण्यातच मुरलेला असतो. आपण कोणाकडे काही मागताना ‘जमले तर बघा’ अशी पुस्ती जोडतो, कारण समोरच्यावर भार पडू नये असे वाटते. दुआत हे करायचे नाही, हे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीसमध्ये स्पष्ट आहे: ‘तुझी इच्छा असेल तर मला माफ कर’ असे म्हणू नका, ठामपणे मागा, कारण अल्लाहवर कोणी जबरदस्ती करू शकत नाही. माझ्या वहीतील पहिल्या पानांवर ‘जमले तर’ हा शब्द नव्हता, पण त्याचा सूर जागोजागी होता. तो खोडायला वेळ लागला.

तपशील लिहिण्याच्या या सवयीला उलटी बाजूही आहे आणि ती मला पैगंबर मूसा (अलै., म्हणजे त्यांच्यावर शांती असो) यांच्या कुरआनातील किश्शात सापडली. मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, जीव वाचवून मदयनला पोहोचलेले मूसा दोन मुलींच्या जनावरांना पाणी पाजतात, सावलीत जाऊन बसतात आणि एवढेच म्हणतात की माझ्या रबा, तू माझ्याकडे जे काही भले पाठवशील त्याचा मी गरजवंत आहे. ना घर मागितले, ना अन्न, ना काम. पुढच्याच आयतींमध्ये त्यांतील एक मुलगी बोलावणे घेऊन येते आणि त्यातून आसरा, रोजगार आणि निकाह असे सगळे उभे राहते. मी आपांना विचारले की मग वही कशाला? त्यांचे म्हणणे असे की ज्याला आपली गरज स्पष्ट दिसते त्याने ती सांगावी आणि ज्याला काहीच सुचत नाही त्याने मूसांचे वाक्य घ्यावे. मला हे पुरेसे उत्तर वाटले नाही, पण दोन्ही करून पाहिल्यावर विचारणे राहून गेले.

वेळांबद्दल थोडे लिहिते, कारण नोकरी करणाऱ्या बाईसाठी हाच खरा अडथळा असतो. अजान आणि इकामत, म्हणजे नमाज उभी राहत असल्याची हाक, यांच्या मधली दुआ परत फिरवली जात नाही, अशी हजरत अनस (रजि.) यांची रिवायत अबू दाऊद आणि तिरमिझी यांच्या संग्रहांत आहे. राबोडीत मशिदी जवळजवळ असल्यामुळे एकीची अजान संपते न संपते तोच दुसरीची सुरू होते. त्यातच आम्हा शाफई पंथीयांची असर, म्हणजे दुपारनंतरची नमाज, हनफी पंथीयांच्या असरच्या बरीच आधी येते. मी आपली एक मशीद ठरवून टाकली आणि तिच्या अजानीनंतरची मोजकी मिनिटे भाजी चिरत का होईना, पण दुसरे काही न बोलता दुआसाठी ठेवली. दुआला हात उठवणे हा अदब, म्हणजे शिष्टाचार, आहे, अट नव्हे.

दुआसाठी चांगला मानलेल्या रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्याचे गणित लोक उगाच कठीण करून ठेवतात. मगरिबपासून, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजच्या वेळेपासून, फजरपर्यंतच्या वेळेचे तीन भाग करायचे. ठाण्यात डिसेंबरमध्ये मगरिब साधारण ६ वाजता आणि फजर पावणेसहाच्या सुमारास येते, म्हणजे शेवटचा हिस्सा रात्री २ च्या थोडा आधी सुरू होतो. पण तो फजरपर्यंत चालतो, त्यामुळे फजरच्या अर्धा तास आधी उठणारीही त्या वेळेत बसतेच. हिवाळ्यात हे मला जमते. मे-जूनमध्ये रात्र लहान होते, फजर जवळपास तासभर आधी येते आणि तेव्हा जमत नाही. मग मी त्या महिन्यांत झोपण्यापूर्वीची बैठक लांबवते.

जुम्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, दिवशी दुआ कबूल होण्याची एक घडी असते आणि हजरत जाबिर (रजि.) यांच्या रिवायतीप्रमाणे ती असरनंतरच्या शेवटच्या तासात शोधावी. हिवाळ्यात तो तास माझ्या कार्यालयातून सुटण्याच्या वेळेवर येतो, म्हणून शुक्रवारची दुआ कोपरखैरणे ते ठाणे या लोकलच्या महिला डब्यात होते. रबाळ्याला आणि ऐरोलीला आयटी कंपन्यांतल्या मुली चढतात, डबा गच्च भरतो, कोणाची तरी पिशवी गुडघ्याला लागत राहते आणि मी खिडकीकडे तोंड करून ओठ न हलवता वहीतील पाने आठवत राहते. प्रवाशाची दुआ कबूल होते अशीही हदीस आहे; मी आशेने आपांना विचारले तेव्हा त्यांनी हसून सांगितले की नमाज कसर करण्यासाठी, म्हणजे प्रवासात आखूड करण्यासाठी, साधारण ८० किलोमीटरचा सफर लागतो, ट्रान्स हार्बरचा पास काढून कोणी मुसाफिर होत नाही.

कमाईचा मुद्दा मी टाळू पाहत होते, पण तो टाळता येत नाही. सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये लांबच्या प्रवासाने विस्कटलेला, धुळीने माखलेला माणूस आकाशाकडे हात पसरून ‘या रब, या रब’ म्हणतो, पण त्याचे खाणे, पिणे आणि वस्त्र हरामचे असते, मग त्याची दुआ कशी ऐकली जावी असा प्रश्न पैगंबर (स.) करतात. माझ्या पगारात तशी शंका नव्हती. बचत खात्यावर जमा होणारे व्याज मात्र वर्षानुवर्षे तिथेच पडून होते. ते हिशेब करून वेगळे काढले आणि सवाबची, म्हणजे पुण्याची, अपेक्षा न ठेवता गरजूंना देऊन टाकले.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले तिच्याकडे येते. महिन्यातील ज्या दिवसांत बाईला नमाज माफ असते, त्या दिवसांत माझी दुआही बंद पडत असे. कोणी बंद करायला सांगितले नव्हते. ती नमाजला जोडलेली होती आणि नमाज थांबली की तीही थांबत होती. आपांच्या कामामुळे स्तुतीची आणि वहीची सवय लागली होती, आणि त्या दिवसांत ती तुटली तेव्हा पहिल्यांदा ते मला खुपले. मी दर्समध्ये सर्वांसमोर विचारले. आमच्याकडे हा विषय बायकांच्या बैठकीतही दबक्या आवाजात निघतो, त्यामुळे क्षणभर शांतता झाली आणि मग लक्षात आले की प्रश्न जवळपास सगळ्यांचाच होता.

आपांनी दोन हदीस सांगितल्या. उम्मे अतिय्या (रजि.) सांगतात की ईदच्या दिवशी बायकांना, अगदी मासिक पाळी असलेल्या बायकांनाही ईदगाहकडे घेऊन जाण्याचा हुकूम होता, त्यांनी नमाजच्या जागेपासून दूर राहायचे, पण भल्या कामात आणि मुसलमानांच्या दुआमध्ये सामील व्हायचे. दुसरी हजरत आयेशा (रजि.) यांची. हजच्या प्रवासात पाळी सुरू झाली म्हणून त्या रडत होत्या तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्यांना सांगितले की काबागृहाच्या तवाफखेरीज, म्हणजे प्रदक्षिणेखेरीज, हाजी जे जे करतो ते सर्व कर. त्यात हजमधले अरफातचे मैदानही आले, आणि अरफातच्या दिवसाची दुआ तर सर्वांत उत्तम दुआ म्हटली गेली आहे. आपांनी पुढे स्पष्ट केले की दुआला वुजूची, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुण्याची, अट नाही, आणि त्या दिवसांत कुरआनची तिलावत, म्हणजे पठण, केली जात नसली तरी ‘रब्बना’ने सुरू होणाऱ्या कुरआनातील दुआ, दुआ म्हणून मागता येतात.

शेजारच्या हनफी भाभींनी सांगितले की त्यांच्याकडे अशा दिवसांतही नमाजच्या वेळी वुजू करून आपल्या जागेवर तस्बीह, म्हणजे अल्लाहच्या नावाचा जप, करत बसणे चांगले मानले आहे. आम्हा शाफईंमध्ये ही पद्धत नाही. मी मधला मार्ग काढला: वुजू नाही, जानमाज (नमाजची चटई) नाही, पण मगरिबच्या अजानीनंतर गॅस बंद करून आतल्या खोलीत चटई टाकून बसायचे.

पहिल्या संध्याकाळी फार विचित्र वाटले. नमाजमध्ये शरीराला काम असते. उभे राहणे, वाकणे, टेकणे, आणि दुआपर्यंत पोहोचताना आपण काही तरी करून आलेलो असतो. इथे हातात काहीच नव्हते. मी काही अदा केलेले नव्हते, ज्याच्या जोरावर मागावे. बसल्या बसल्या कुरआनातील ती आयत आठवली, जी रमजानच्या रोजांच्या हुकमांच्या अगदी मध्ये येते: माझे बंदे तुला माझ्याविषयी विचारतील, तर मी जवळच आहे, हाक मारणारा मला हाक मारतो तेव्हा मी त्याच्या हाकेला उत्तर देतो. या आयतीत हाक मारण्याआधी काही करून येण्याची अट घातलेली नाही. इतकी वर्षे मी दुआकडे नमाजच्या मजुरीसारखे पाहत होते हे त्या चटईवर समजले, आणि तिथून पुढे मी मजुरी मागायचे सोडून नुसते मागायला लागले. त्या दिवसांतील बैठका लांब होऊ लागल्या. वहीत सर्वांत जास्त भर त्याच दिवसांत पडली, आणि नमाज पुन्हा सुरू झाल्यावर सजद्यातील, म्हणजे कपाळ जमिनीला टेकलेले असतानाची, दुआही, जिथे बंदा रबच्या सर्वांत जवळ असतो असे हदीसमध्ये म्हटले आहे, पहिल्यासारखी घाईची राहिली नाही.

भावाचा विषयही त्या चटईवरच बदलला. मजलूमच्या, म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याच्या, दुआपासून सांभाळा, कारण तिच्या आणि अल्लाहच्या मध्ये कोणताही पडदा नसतो, अशी ताकीद पैगंबर (स.) यांनी मुआज (रजि.) यांना यमनला पाठवताना दिली होती. वाटणीत मुलीचा हिस्सा कुरआनने ठरवून दिला आहे, म्हणजे मी मजलूम आहे असे मी धरून चालले होते. पण जर माझ्या तक्रारीला खरोखरच पडदा नसेल, तर ती लागली तेव्हा काय होईल, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. माझ्या भावाला साखरेचा त्रास आहे. त्याची धाकटी मुलगी माझ्या कडेवर वाढली आहे. त्याच संध्याकाळी मला सहीह मुस्लिममधील दुसरी हदीस आठवली, की बंद्याची दुआ कबूल होत राहते, जोपर्यंत तो गुनाहची किंवा नाते तोडण्याची दुआ मागत नाही, आणि जोपर्यंत तो घाई करत नाही.

मग मी पैगंबर याकूब (अलै.) यांचे कुरआनातील वाक्य घेतले: माझे दुःख आणि माझी व्यथा मी अल्लाहपाशीच मांडतो. त्यांच्या मुलांनीच आपल्या भावाला, यूसुफला, विहिरीत टाकले, खोटे रक्त लावलेला सदरा आणून दाखवला, आणि तरीही त्या बापाच्या तोंडी मुलांसाठी शाप नाही. तक्रार आहे, पण ती कोणाच्या विरुद्ध नाही, कोणापाशी तरी आहे. मी भावाचे नाव घेऊन आधी त्याची साखर आटोक्यात राहावी म्हणून मागू लागले आणि त्यानंतर माझा हिस्सा. पहिल्या भागात जीभ अडखळत असे. पाठीमागे भावासाठी मागितलेल्या दुआवर फरिश्ता आमीन म्हणतो आणि ‘तुलाही तसेच मिळो’ असे म्हणतो, हे ठाऊक असूनही ती अडखळत असे, आणि काही दिवशी आजही अडखळते. हिस्सा मागणे मात्र मी सोडलेले नाही. मैत्रिणींपैकी काहींना वाटते की दुआत मन रमले म्हणजे हक्काचे भांडण आपोआप सोडून द्यावे. मला ते पटत नाही, आणि आपांनाही पटत नाही. हिस्सा अल्लाहने ठरवला आहे, तर तो त्याच्याकडेच मागण्यात लाज कसली?

वकिलाकडे जावे की नाही यासाठी गेल्या महिन्यात इस्तिखारा, म्हणजे निर्णयासाठी अल्लाहकडे मार्ग मागणारी दुआ, केली. दोन रकात नफ्ल, म्हणजे ऐच्छिक नमाज, आणि त्यानंतर हजरत जाबिर (रजि.) यांच्या रिवायतीतील दुआ, जीत आपल्या कामाचे नाव घेऊन म्हणायचे असते की हे माझ्या दीनसाठी (धर्मासाठी) आणि जगण्यासाठी चांगले असेल तर सोपे कर, नसेल तर त्याला माझ्यापासून आणि मला त्याच्यापासून फिरव. स्वप्न पडले का, असे घरी सगळ्यांनी विचारले. त्या हदीसमध्ये स्वप्नाचा उल्लेख नाही, आणि मला पडलेही नाही. मन भावाशी एकदा समोरासमोर बोलावे याकडे कलले, म्हणून वकिलाची भेट पुढे ढकलली आणि सातबाराचा उतारा काढून घेतला. मुलीची परीक्षा संपली की तो उतारा बरोबर घेऊन गावी जायचे आहे. भावजयीला तसे कळवले आहे आणि तिने या म्हटले आहे.